कॉफीची पाने पिवळी पडत आहेत: खत कमी पडले की जास्त झाले?

घाटमाथा

नमस्कार. मी मूळचा बेळगावचा. चार वर्षांपूर्वी हासन जिल्ह्यातल्या सकलेशपूर तालुक्यात साडेपाच एकरांचा कॉफीचा जुना मळा विकत घेतला. उंची साधारण 950 मीटर असून झाडे सगळी अरबिकाची आहेत. चढाच्या भागात आधीच्या मालकाने लावलेली एस. 795 या जातीची जुनी झाडे आहेत, तर उतारावरच्या मोकळ्या पट्ट्यात मी पहिल्याच पावसाळ्यात चंद्रगिरी ही जात लावली. सावलीला सिल्व्हर ओक आणि पांगारा असून त्यांवर मिरवेल चढवलेली आहे. ऊस आणि भात घरच्या शेतीत लहानपणापासून पाहिले असले, तरी कॉफी मला नवीनच आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास सांभाळून घ्यावे.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून चंद्रगिरीची पाने पिवळी पडू लागली आणि आता सप्टेंबरच्या मध्यावर निम्म्याहून अधिक झाडांवर हेच दिसते आहे. फळे मात्र भरपूर आहेत, फांद्या वाकल्या आहेत. मागच्या वर्षी झाडे दाट झाली म्हणून पांगाऱ्याची छाटणी जरा सढळ हातानेच केली होती. या वर्षी मे महिन्यात मिश्र खत दिले आणि फळ चांगले भरावे म्हणून, खताच्या दुकानदाराच्या सांगण्यावरून, जूनमध्ये व पुन्हा ऑगस्टच्या उघडिपीत झाडामागे शंभर-शंभर ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश वेगळे टाकले. पिवळेपणा दिसल्यावर त्याच दुकानातून आणलेल्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणाची दोनदा फवारणी केली, पण काडीचा फरक पडला नाही. आता तो नत्र कमी पडल्याचे सांगून युरिया द्यायला सांगतो आहे, आणि आमचे मेस्त्री, म्हणजे मळ्यावरचे मुकादम, म्हणतात की पाऊस जास्त झाला, दिवाळीपर्यंत आपोआप हिरवे होईल.

मी युरिया द्यावा, थांबावे, की आणखी काही पाहावे?

मिरवेल

युरियाचे पोते तूर्त बांधूनच ठेवा. चिक्कमगळूर भागातल्या मळ्यांवर मी बावीस वर्षे काम केले आहे, आणि पिवळे पान दिसले की पोते फोडायचे या सवयीने झालेले नुकसान प्रत्यक्ष कमतरतेने झालेल्या नुकसानाहून जास्त पाहिले आहे. तुम्ही दिलेले वर्णन दुकानदाराला पुरले असेल, पण निदानाला पुरत नाही, कारण झाडाच्या कोणत्या भागातले पान पिवळे झाले आणि पानाचा कोणता भाग पिवळा झाला, या दोन्ही गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. सगळी मेख तिथेच आहे.

एक फांदी हातात धरून शेंड्याकडून खोडाकडे या. पिवळेपणा आतल्या, जुन्या पानांवर आहे की शेंड्याच्या कोवळ्या जोड्यांवर, ते पाहा. मग पान तोडून उजेडाकडे धरा आणि शिरा हिरव्या राहिल्या आहेत का ते बघा. जुने पान शिरांसकट सरसकट फिकट झाले असेल तर नत्राचा संशय घ्यायला हरकत नाही. जुन्याच पानात मधली शीर आणि तिच्या फाट्यांलगतचा पट्टा हिरवा राहून मधली जागा पिवळी झाली असेल, म्हणजे पानावर माशाच्या काट्यासारखी हिरवी नक्षी उठली असेल, तर ते मॅग्नेशियम. जुन्या पानाच्या कडा आणि टोक करपले असतील तर पालाश, म्हणजे पोटॅश, पण तुम्ही ते इतके ओतले आहे की ती शक्यता मी धरत नाही. उलट शेंड्याची पाने पिवळी आणि त्यांवर शिरांची बारीक हिरवी जाळी असेल तर लोह, आणि तीच पाने अरुंद, चिंचोळी होऊन पेरे आखूड पडली असतील तर जस्त. एक सावधगिरी मात्र ठेवा, काही जातींची कोवळी पालवी मुळातच तांबूस किंवा फिकट असते, तिला रोग समजू नका.

पान उलटे करूनही पाहा. खालच्या बाजूला नारिंगी पूड बोटाला लागली तर तो तांबेरा, आणि मग ही खताची चर्चाच गैरलागू ठरते. ही बुरशी 1869 मध्ये सिलोनमध्ये दिसली आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत तिथली कॉफी जाऊन चहा आला, एवढा तिचा दरारा आहे. चंद्रगिरी तिला बऱ्यापैकी दाद देत नाही, तुमची एस. 795 मात्र हमखास देईल. पावसाळ्यानंतरची अर्धा टक्का बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद आणि चुना यांच्या बुरशीनाशक द्रावणाची, फवारणी झाली नसेल तर जुन्या झाडांसाठी ती आधी उरकून घ्या.

तुमच्या मजकुरातली मला खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. सावली उघडी केलेली, झाडे तरुण, पीक फांद्या वाकतील एवढे, आणि वर जादा पोटॅश. अशा झाडाला उन्हामुळे फुले जास्त धरतात, फळे भरताना पानांतले अन्न ओढून घेतात, आणि जी फांदी सर्वांत जास्त लगडलेली असते तीच आधी पिवळी होऊन टोकाकडून वाळत जाते. तेव्हा पिवळी पाने लगडलेल्या फांद्यांवर आहेत की फळे नसलेल्या फांद्यांवरही आहेत, तेही कळवा.

सामू साडेसहा

मिरवेल यांनी पाहण्याची पद्धत सांगितलीच आहे, तिच्यामागचे कारण थोडे मांडतो, म्हणजे ती पाठ करावी लागणार नाही. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या आत हिंडणारी अन्नद्रव्ये आहेत. त्यांचा तुटवडा पडला की झाड म्हाताऱ्या पानांतून ती काढून कोवळ्या शेंड्याला आणि फळाला पुरवते, म्हणून झळ आधी जुन्या पानाला बसते. लोह, बोरॉन आणि चुन्याचा अंश म्हणजे कॅल्शियम जिथे एकदा बसले तिथून सहसा हलत नाही, त्यामुळे जुनी पाने हिरवीगार असताना नवी उपाशी राहतात. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमच असते, तेव्हा ते काढून घेतलेल्या पानाचा हिरवा रंग उडणे ओघानेच आले.

आता पोटॅशबद्दल. मुळांच्या दाराशी पालाश आणि मॅग्नेशियम यांची चढाओढ असते, आणि पालाश फार झाले की मॅग्नेशियम जमिनीत असूनही आत शिरू शकत नाही. त्यात तुमच्याकडची जमीन पावसाने धुतली जाणारी, बहुधा आम्लधर्मी, म्हणजे मॅग्नेशियम मुळातच वाहून गेलेले. अशा जमिनीत दोन महिन्यांत झाडामागे दोनशे ग्रॅम म्युरेट टाकणे म्हणजे आधीच अर्ध्या पोटी असलेल्या माणसाला दाराबाहेर रांगेत उभे करण्यासारखे आहे. अर्थात हा अंदाज आहे, आणि अंदाजावर पैसे खर्च करू नयेत.

माती परीक्षण करून घ्या. शेजारच्याच चिक्कमगळूर जिल्ह्यात बाळेहोन्नूर येथे कॉफी मंडळाची केंद्रीय कॉफी संशोधन संस्था आहे. 1925 मध्ये सुरू झालेल्या प्रायोगिक केंद्रातून ती उभी राहिली असून तिथे मातीचे परीक्षण होते. नमुना घेताना खत नुकतेच टाकलेली जागा टाळा, वरचा पाचोळा बाजूला सारा आणि झाडाच्या घेराच्या आत साधारण नऊ इंच खोलीपर्यंतची माती घ्या. प्लॉटमध्ये नागमोडी फिरून पंधरा-वीस झाडांखालची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो पाठवा. चढाची आणि उताराची माती एका पिशवीत घालू नका, दोन पिशव्यांना दोन अहवाल येऊ द्या. शक्य झाल्यास पानेही द्या, त्यासाठी फळ धरलेल्या फांदीच्या टोकाकडून तिसरी किंवा चौथी जोडी घेतात, पिवळीधमक झालेली जुनी पाने घेत नाहीत.

जाता जाता, तुमच्या मेस्त्रींचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. मुसळधार पावसात पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि नत्रही वाहून जाते, तो पिवळेपणा उघडीप मिळाल्यावर पुष्कळदा ओसरतो. पण तो उतारावर पसरत नाही, खोलगट जागी थबकतो.

पांगाऱ्याची सावली

वरच्या दोघांशी माझा वाद नाही, पण तिघेही पानाकडेच पाहत आहेत असे वाटले. कृपया खोड आणि मूळ पाहिल्याशिवाय हे प्रकरण खताचे आहे असे ठरवू नका.

सप्टेंबर हा पांढऱ्या खोडकिड्याचा माग काढण्याचा महिना आहे, कारण ऑक्टोबरपासून त्याचे भुंगे पुन्हा बाहेर पडून अंडी घालतात. किडा खोडात पोखरत असताना झाड वरून फक्त पिवळे आणि मलूल दिसते, आणि मालक त्याला खत घालत बसतो. खोडावरून तळहात फिरवा, सालीखाली दोरीसारखे उंचवटे लागले तर ते झाड गेले असे समजून उपटून जाळा. किडा अरबिकाच पसंत करतो, उन्हातली झाडे त्याला विशेष आवडतात, आणि तुम्ही तर सावली उतरवली आहे.

दुसरे म्हणजे पिवळे झाड खोडाशी धरून हलकेच हलवा. ते जमिनीत सैल लागले, दात हलावा तसे हलले, तर मुळे गेलेली आहेत. आपल्या भागात अरबिकाच्या मुळांवर सूत्रकृमीचा त्रास जुना आहे. शिवाय नवीन लागवडीत एक चूक फार होते. रोपवाटिकेच्या पिशवीत वाढून तळाशी वळलेले सोटमूळ तसेच लावले जाते आणि ते आकड्यासारखे वाकूनच राहते. असे झाड तीन वर्षे बरे दिसते आणि पहिले भरघोस पीक लागले की कोसळते. तुमची चंद्रगिरी नेमकी त्याच वयाची आहे. एक अगदी पिवळे झाड खणून, मुळे बादलीत धुऊन पाहा. एक झाड गमवावे लागेल, पण शंका फिटेल.

गच्चीवरची बाग

विषयाला थोडा फाटा फोडते, क्षमस्व. पुण्यात माझ्या गच्चीवर कुंडीत कॉफीचे एक झाड आहे, चिक्कमगळूरहून हौसेने आणलेले. त्याचीही पाने पिवळी होतात, पण फक्त शेंड्याची, आणि हिरव्या शिरांची जाळी अगदी रेखीव दिसते. टाकीत बोअरचे पाणी येते. मी वरचे मॅग्नेशियमबद्दलचे वाचून एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घालणार होते, ते बरोबर आहे का?

सामू साडेसहा

बरोबर नाही, आणि घालण्याआधी विचारलेत हे बरे झाले. जुनी पाने हिरवी आणि नवी जाळीदार पिवळी, म्हणजे लोह. कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरट थर धरला असेल तर बोअरच्या जड पाण्याने मातीचा सामू (पीएच) वर नेला आहे, म्हणजे माती अल्कधर्मी केली आहे. अशा मातीत लोह भरपूर असले तरी ते विरघळत नाही, म्हणून झाडाला मिळत नाही. पावसाचे पाणी साठवता आले तर ते द्या, कुंडीतली निम्मी माती पानकुजीच्या खताने बदला, आणि चिलेटेड लोह, म्हणजे मातीत विरघळलेलेच राहील अशा बांधणीतले लोह, घ्यायचे झाल्यास पुड्यावर ईडीडीएचए लिहिले आहे का ते वाचा. ईडीटीए प्रकारातले लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही, पैसे वाया जातात. अरबिकाला सामू सहा ते साडेसहाच्या दरम्यान मानवतो, माझे टोपणनाव त्यावरूनच आहे.

घाटमाथा

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस मळ्यात फिरून, तुम्ही सांगितले तसे पाहिले आणि एकच प्रश्न म्हणून जे लिहिले होते ते तीन वेगळे प्रश्न निघाले.

उतारावरच्या बहुतेक झाडांवर पिवळेपणा जुन्या पानांतच आहे. पान उजेडाकडे धरल्यावर मधली शीर आणि फाटे हिरवे, त्यांच्या मधली जागा लिंबाच्या सालीसारखी पिवळी. मिरवेल यांनी म्हटलेली माशाच्या काट्याची नक्षी इतकी स्पष्ट होती की मेस्त्रींनीही दुसरे पान तोडून स्वतः पाहिले. हे सारे फळांनी लगडलेल्या फांद्यांवर आहे. त्याच झाडाच्या फळे नसलेल्या फांद्या हिरव्या आहेत. नारिंगी पूड चंद्रगिरीवर नाही, जुन्या एस. 795 वर काही ठिकाणी मिळाली, तिथे बोर्डो सुरू केले आहे.

दुसरा प्रकार घराजवळच्या अकरा-बारा झाडांवर आहे. तिथे उलट शेंड्याची पाने पिवळी आणि शिरांची हिरवी जाळी, म्हणजे पुण्याच्या ताईंच्या कुंडीसारखेच. आधी उलगडा होईना, कारण सगळा डोंगर आम्ल मातीचा. मग मेस्त्रींना आठवले की तीन वर्षांपूर्वी जुन्या घराच्या चुन्याच्या भिंती पाडल्या तेव्हा तो राडारोडा आम्हीच त्या कोपऱ्यात पसरला होता. कुदळीचे चार घाव घातल्यावर पांढरे तुकडे वर आले.

तिसरा प्रकार खोडकिडा. विखुरलेली सात झाडे, सातही पांगारा सर्वांत जास्त छाटलेल्या भागात. हात फिरवल्यावर सालीखालचे उंचवटे लागले, एक खोड चिरले तर आत पिठासारख्या भुशाने घट्ट भरलेला बोगदा होता. सातही उपटून जाळली. आणखी एक पिवळे झाड मुळांसाठी खणले, त्याचे सोटमूळ सरळ होते आणि झाड हलतही नव्हते, म्हणून सूत्रकृमीची शंका तूर्त बाजूला ठेवली आहे.

मातीचे तीन नमुने दिले आहेत, घराजवळचा वेगळा.

मिरवेल

उत्तम. अहवाल येईपर्यंत उताराच्या झाडांना एक टक्का मॅग्नेशियम सल्फेटची, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलोची, फवारणी द्यायला हरकत नाही. सकाळी दव सुकल्यावर आणि ऊन चढण्यापूर्वी करा, पानांच्या खालच्या बाजूला फवारा पोहोचला पाहिजे. तीन आठवड्यांनी दुसरी द्या. मात्र आज पिवळे असलेले पान पुन्हा पहिल्यासारखे हिरवे होईल अशी अपेक्षा ठेवू नका. फवारणी लागू पडली की नाही हे, पिवळेपणा फांदीवर पुढच्या जोडीकडे सरकायचा थांबला का, त्यावरून ठरवायचे. दोन-चार फांद्यांना आज दोरा बांधून ठेवा, दोऱ्याच्या पुढची पाने मोजत जा.

आणि पांगारा पुढच्या वर्षी छाटू नका, उघड्या पडलेल्या जागी नव्या फांद्या रोवा. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली पांगाऱ्याची जाड फांदी सहज जीव धरते.

घाटमाथा

महिन्याभराने लिहितो आहे. उताराच्या मातीचा सामू 5.0 आला, पालाश भरपूर, मॅग्नेशियम कमी. सेंद्रिय कर्ब चांगला आहे, म्हणजे नत्रासाठी घाई करण्याचे कारण नव्हते. घराजवळच्या नमुन्याचा सामू 7.8. एकाच मळ्यात, दोनशे पावलांच्या अंतरावर! दोरे बांधलेल्या नऊ फांद्यांपैकी सात फांद्यांवर पिवळेपणा पुढे सरकलेला नाही. उरलेल्या दोन फांद्यांची टोके वाळली, त्या सर्वांत जास्त लगडलेल्या होत्या.

उताराला अहवालात लिहिलेल्या मात्रेत डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेली चुनखडी, घालायचे ठरवले आहे. घराजवळचा राडारोडा दोन ट्रॉली भरून बाहेर काढला, तिथे कॉफीच्या सालीचे कुजलेले खत भरतो आहे. दोन शंका उरल्या आहेत. डोलोमाइट आणि पावसाळ्यानंतरचे मिश्र खत एकाच वेळी दिले तर मजुरी वाचेल, तसे चालेल का? आणि पोटॅशची तीन पोती शिल्लक आहेत, त्यांचे काय करावे?

सामू साडेसहा

एकाच वेळी देऊ नका. डोलोमाइट अल्कधर्मी आहे. मिश्र खतातल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की नत्र वायू होऊन उडून जाते आणि वाचवलेली मजुरी दुप्पट होऊन अंगावर येते. जमिनीत ओल आहे तोवर आधी डोलोमाइट टाकून हलके कोळपून मातीत मिसळा आणि खतासाठी निदान तीन ते चार आठवडे थांबा. शुद्ध डोलोमाइटमध्ये मॅग्नेशियम साधारण 13 टक्के असते, पण बाजारात त्या नावाखाली साधी चुन्याची भुकटीही खपवली जाते, तेव्हा पोत्यावर मॅग्नेशियमचे प्रमाण छापलेले नसेल तर घेऊ नका. त्याचा परिणाम सावकाश होतो, म्हणून येत्या हंगामात पुन्हा जुनी पाने पिवळी दिसली तर मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी तेवढी चालू ठेवा.

पोटॅश नासत नाही. ओल लागून गठ्ठे झाले तरी फोडून वापरता येते. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर रचून ठेवा आणि पुढच्या वर्षीच्या माती परीक्षणात पालाश उतरलेले दिसले तरच उघडा.